मस्टरवरची सुलोचना

डिचोलीपासून तीन-चार किलोमीटरवर लोखंडाच्या खाणीला लागून पत्र्याच्या खोल्यांचा एक कॅम्प होता. भागी गवस त्या कॅम्पात राहायची. रोज सकाळी सात वाजता टाइमकीपर मस्टर उघडून "सुलोचना कृष्णनाथ गवस" असं पुकारायचा आणि भागी "हजर" म्हणायची. सुलोचना ही तिची थोरली जाऊ. ती वारून पंधरा वर्षं झाली होती.

झालं होतं ते असं. भागीचं सासर दोडामार्गाच्या पलीकडे, महाराष्ट्रात भेडशीच्या बाजूला. थोरले दीर कृष्णनाथ आणि त्यांची बायको सुलोचना, दोघंही खाणीवर कामाला. भागीचा नवरा भिकाजी खनिजाचा ट्रक चालवायचा. भागी तेवढी गावी सासूजवळ राहून शेत बघायची. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात सुलोचनाला कावीळ झाली. गावठी औषधात आठ दिवस गेले आणि नवव्या दिवशी ती गेली. तिला मूलबाळ नव्हतं. बारावं-तेरावं झाल्यावर खाणीवरचा मुकादम बाबली घरी आला. माणूस तसा वाईट नव्हता. ओटीवर बसून चहा पिता पिता तो म्हणाला, "नवीन भरती बंद आसा. मस्टरावरचा नाव एकदा खोडला की परत चढाचा नाय. तुमच्यातला कोण तरी पाठवा. नाव तसाच ऱ्हवांदे."

कृष्णनाथांना परत खाणीवर जायचं नव्हतं. बायको गेली तसं त्यांचं त्या लाल मातीवरून मनच उडालं होतं. ते शेत बघायला गावी राहिले आणि भागी तीन वर्षांच्या पल्लवीला कडेवर घेऊन कॅम्पात आली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. मस्टरवर तिचं वय तीस लागलं.

लग्नात तिचं नाव भाग्यलक्ष्मी ठेवलं होतं. सासूने त्याचं भागी केलं. कॅम्पातल्या बायकाही तिला भागीच म्हणायच्या. सुलोचना ती फक्त मस्टरवर, पगाराच्या दिवशी आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवर. चौथीपर्यंत शिकलेली असल्यामुळे तिला सही येत होती, पण मस्टरवर ती अंगठाच उठवायची. मेलेल्या जावेच्या नावाची सही करायला तिचा हात वळत नसे. त्यात कागदावर ती दिराची बायको ठरत होती. एखादा नवा टाइमकीपर "कृष्णनाथ खंय आसता गो?" असं सहज विचारी, आणि तेवढ्यानेही ती दिवसभर कुणाशी बोलत नसे.

एकोणऐंशी साली खाणीवर संघटना आली. सेक्रेटरी गोकुळदास, साखळी गावचा. वर्कशॉपमध्ये फिटर होता. कोकणीतच बोलायचा, समोरच्याला समजलं नाही की मग मराठीवर यायचा. भागी पहिल्याच वर्षी सभासद झाली आणि पुढे बायकांतर्फे कमिटीवर निवडून आली. ढेकळं फोडणाऱ्या बायकांना सावलीसाठी छप्पर मिळालं ते तिच्या मागे लागण्याने. संघटनेच्या पुस्तकातही तिचं नाव सुलोचनाच लिहिलेलं होतं. गोकुळदासला तेच तिचं खरं नाव वाटायचं, आणि भागी हे लाडाचं.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये कॅम्पाच्या विहिरीत खाणीचा गाळ उतरला. पाणी चहासारखं लाल झालं. दहा-बारा बायका घेऊन भागी गावच्या पंचायतीतल्या पंचाच्या घरी गेली. पंचाने त्यांना अंगणातच उभं केलं, पण बोलला मात्र स्पष्ट.

"टँकर मागता, मागा. पूण तुमी कोण? माझ्या यादीत तुमचं एकसुद्धा नाव ना. तुमचीं मतां पलीकडे. पाणी पलीकडच्या सरकाराकडे मागा."

पलीकडे म्हणजे महाराष्ट्रात. दोन वर्षांपूर्वी गोवा राज्य झालं होतं. त्याआधी राजभाषा कोकणी की मराठी म्हणून रस्ते अडवले गेले, दगडफेक झाली, तेव्हा कॅम्पातली माणसं आठवडाभर बाजाराला गेली नव्हती. तेव्हापासून हा "पलीकडे" शब्द वरचेवर कानावर येत असे. भागी घरी परतली ती विचार करत. पलीकडच्या यादीत तरी तिचं नाव कुठे होतं? कधीच कुणी घातलं नव्हतं. सदतीस वर्षांत तिने एकदाही मत दिलं नव्हतं.

हे तिने कमिटीच्या बैठकीत सांगितलं. गोकुळदासने तिथल्या तिथे वही काढून कॅम्पातल्या सभासदांची यादी केली आणि एकेकाला विचारत गेला. दोनशे दहा माणसांत मतदार निघाले एकोणतीस, तेही गावच्या यादीत. बाकी कुठेच नव्हते. कॅम्पाच्या खोल्यांना घरनंबर नव्हते म्हणून यादी करणारे कधी तिकडे फिरकलेच नव्हते. जमीन कंपनीची, त्यामुळे पंचायत नंबर देत नव्हती. वर्षअखेर निवडणूक येणार होती. विधानसभेच्या तीसच्या चाळीस जागा झाल्या होत्या, मताचं वयही एकवीसवरून अठरावर आलं होतं. संघटनेने ठरवलं की प्रत्येक सभासदाचं आणि त्याच्या घरातल्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाचं नाव घालायचं.

बायकांचे फॉर्म भागीकडे आले. कामावरून सुटल्यावर ती खोल्या-खोल्यांतून फिरायची. पल्लवी दहावी झालेली. ती विचारून विचारून फॉर्म भरायची. अर्ध्या बायकांना आपलं वय माहीत नव्हतं. वत्सला नावाची शेजारीण फॉर्मला हात लावायला तयार नव्हती.

"नाव घातला की सरकार काय तरी मागतला."

"मागतला ता मत. दुसरा काय नाय," भागी म्हणाली. "खरा नाव सांग, खरा वय सांग. खाली लिवलेला आसा, खोटा सांगितला तर गुन्हो."

हे वाक्य ती घरोघरी सांगत होती. दोन आठवड्यांत एकशे चाळीस फॉर्म झाले. आपल्या खोलीतले तिने शेवटी ठेवले. एका संध्याकाळी पल्लवीने भिकाजीचा भरला, मग स्वतःचा. गेल्या नोव्हेंबरातच तिला अठरा पुरी झाली होती. पल्लवी भिकाजी गवस. मग तिसरा फॉर्म पुढ्यात ओढून ती थांबली.

"आये, तुझा काय लिवू?"

भागीने भरलेले दोन फॉर्म उचलून एकावर एक नीट लावले.

"सुलोचना कृष्णनाथ लिवलंय तर घरात बाबा, मी आणि काकाची बायको असा दिसतला. मगे माझी आई खंय?"

पोरीने हे हसत विचारलं नव्हतं. बाजेवर पडलेला भिकाजी उठून बसला. "मस्टरावर हा ताच लिव. कंपनीचो दाखलो त्याच नावावर मिळतलो. पंधरा वर्सां चाललाहा, आता कित्याक उकरून काढूचा?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत भागी वर्कशॉपमध्ये गेली आणि तिने गोकुळदासला सगळं सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. दहा वर्षं ओळखत असलेल्या बाईचं नाव त्याला आज कळत होतं.

"भागीबाय," तो सावकाश म्हणाला, "तुमी कमिटीर आसात. मॅनेजर निमित्तच सोदता. तुमी भाग्यलक्ष्मी म्हणून सही केली आणि ते त्याला समजलं, तर दुसऱ्याच्या नावावर काम केलं म्हणून काढून टाकील. सुलोचना लिहा. मत मिळाल्याशी कारण."

"मत खरा आणि देणारी खोटी?"

"असं कोण बघता?"

"मी बगतंय मा. एकशे चाळीस बायकांक सांगलंय, खरा सांगा म्हणान. वत्सलाक सांगलंय. आता मीच मेलेल्या माणसाचा नाव घालू? आणि माझा वय पंचेचाळीस धरला तर आठ वर्सां आधी घरी बसवतले, ता येगळाच."

त्याने तिला आठ दिवस थांबायला सांगितलं. फॉर्म द्यायला मात्र चारच दिवस उरले होते. त्या रात्री तिने भिकाजीला सांगितलं की ती आपलंच नाव घालणार. सकाळी ट्रकवर जायच्या आधी तो दारात उभा राहून म्हणाला, "लिव तुका काय लिवचा ता. पण नोकरी गेली तर माका बोल लावू नको." भागीने पल्लवीकडून नाव लिहून घेतलं, भाग्यलक्ष्मी भिकाजी गवस, वय ३७, आणि खाली सही केली. "भाग्यलक्ष्मी" कागदावर जरा लांबच झालं. शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं.

फॉर्म गेले. महिन्याभरात हरकत आली. गावातल्या कुणीतरी लिहून दिलं होतं की कॅम्पातली माणसं परराज्यातली आहेत, हंगामी आहेत, त्यांची नावं तिकडेही आहेत. सगळ्यांना डिचोलीच्या मामलेदार कचेरीत सुनावणीला बोलावलं. सुनावण्या तीन दिवस चालल्या. रोज सत्तर-ऐंशी माणसांना खाडा पडत होता. संघटनेने एक जुना ट्रक मिळवला आणि भिकाजीने रजा टाकून तो चालवला. गावच्या यादीतल्या एकोणतीस जणांनी तिथली नावं कमी करण्याचे अर्ज आधीच दिले होते. त्यांच्या पावत्या गोकुळदासने एका पिशवीत सांभाळल्या होत्या.

भागीचा नंबर तिसऱ्या दिवशी दुपारी लागला. टेबलामागचा अधिकारी चष्मा लावणारा, थकलेला आणि शांत माणूस होता. बाजूला कंपनीचा टाइमकीपर मस्टर घेऊन बसला होता. कॅम्पात कोण राहतं याचा पुरावा म्हणून त्याला बोलावलेलं होतं.

"नांव?"

"भाग्यलक्ष्मी भिकाजी गवस."

टाइमकीपरने पानं उलटली. "ह्या नावाची बाई आमच्याकडे नाही, सायबा." मग त्याने मान वर केली, समोर कोण आहे ते बघितलं आणि गोंधळला. "ही तर सुलोचना."

हरकत घेणारा उभा राहिला. "बघा सायब! एकाच बायलेचीं दोन नांवां. ही असली मतां घालतात."

भागीने वळून बघितलं. मागच्या बाकावर कॅम्पातली माणसं होती, दारात भिकाजी होता. ती परत टेबलाकडे वळली. मग तिने सगळं सांगितलं. जाऊ कधी वारली, मुकादम कधी आला, काय म्हणाला, आणि पंधरा वर्षं आपण कुठल्या नावाने हजेरी दिली. मुकादमाचं नाव तिने घेतलं नाही. शेवटी म्हणाली, "नोकरेत माझा नाव खोटा हा, ता मी कबूल करतंय. पण मी रवतंय हय. पंधरा वर्सां हयच रवतंय. ह्या खोटा नाय."

अधिकाऱ्याने मागे बघितलं. "हिला ओळखणारी माणसां आसात?"

वत्सला उठली. ती कचेरीत आल्यापासून पदराआड तोंड करून बसली होती. "ही भागी," ती म्हणाली. "आमच्या बाजूच्या खोलयेत रवता. तिचो घोव भायर उबो आसा, ट्रकवालो." भिकाजी नकळत एक पाऊल आत आला. अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर जेमतेम हसू आलं. त्याने लिहिलं, थांबला, परत लिहिलं. "कंपनीन कितें करचें तें कंपनी पळयतली," तो म्हणाला. "म्हाका राबितो जाय. तो आसा. नांव घालतां."

राबितो म्हणजे वास्तव्य. तीन दिवसांत एकशे अडतीस बायकांची नावं यादीत गेली. चार नाकारली गेली, त्यांची वयं बसत नव्हती.

कंपनीने मात्र चौथ्याच दिवशी भागीला कामावरून बंद केलं. चार्जशीट आली, दुसऱ्या व्यक्तीच्या नावाने नोकरी करून व्यवस्थापनाची फसवणूक. कागद इंग्रजीत होता. गोकुळदासने वाचून अर्थ सांगितला, पण "मी आधीच म्हटलं होतं" असं एका शब्दाने म्हटलं नाही. तो म्हणाला, "बाबली मुकादमाक साक्षीक हाडूंक जाय."

बाबली निवृत्त होऊन पेडण्यात मोपाच्या पठारावर आपल्या घरी राहत होता. एका शुक्रवारी भागी आणि गोकुळदास म्हापशाला उतरली. बाजारातली गर्दी चुकवत त्यांनी पेडण्याची बस धरली, आणि शेवटची वाट काजूंच्या बागेतून चालत गेली. म्हातारा काजूच्या बिया सुकत घालत होता. डोळ्यांना कमी दिसत होतं. भागीने नाव सांगितलं तसा तो उठलाच.

"माका कोर्टात नेतल्यात?"

"कोर्टात नाय, मामा. चौकशी आसा, खाणीर," ती म्हणाली. "मी तुमचा नाव अजून खंय घेवक नाय. तुमी येवक नाय तर घेवचंय नाय."

बाबली परत बियांजवळ बसला. मग म्हणाला, "तू एकटी नाय गो. नावां मीच चालवलंय. तुका सोडून सतरा जणींचीं. त्या वेळच्या मॅनेजरान सांगितलेला, नवीन भरती करूची नाय, नाव तसाच ऱ्हवांदे. त्याचो कागद नाय माझ्याकडे. पण सांगतंय."

सतरा. कॅम्पात पोचल्यावर भागी त्याच संध्याकाळी खोल्यांतून फिरली. नावं बाबलीने दिलीच होती. त्यातल्या पाच जणी काम सोडून गेल्या होत्या. एक आपल्या आईच्या नावावर होती, एक नणंदेच्या. सुगंधी नावाची एक बाई कुणा भलत्याच अनोळखी बाईच्या नावावर बारा वर्षं राबत होती. ती बाई कोण, कुठली, जिवंत आहे की नाही, हे तिला माहीत नव्हतं. सगळ्यांनी फॉर्मवर मस्टरचंच नाव घातलं होतं आणि सगळ्या घाबरून गप्प होत्या. बारापैकी नऊ जणी भागीबरोबर चौकशीला यायला तयार झाल्या. तिघी नाही झाल्या. भागीने त्यांना आग्रह केला नाही.

चौकशीसाठी सुलोचनाच्या मृत्यूचा दाखला हवा होता. तो नव्हताच. मृत्यूची नोंद केली असती तर नोकरी गेली असती, म्हणून घरच्यांनी ती केलीच नव्हती. आता कृष्णनाथांचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं. भिकाजी गावी जाऊन भावाला घेऊन आला. बावन्न वर्षांचा माणूस, पांढरी टोपी, हातात फणसाच्या गऱ्यांची पिशवी. पंधरा वर्षांत ते कॅम्पात पहिल्यांदा येत होते. खोलीत बसल्यावर गोकुळदासने कागद वाचून दाखवला: माझी पत्नी सुलोचना ही अमुक तारखेस मयत झाली.

कृष्णनाथांनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"भावजी, बरा वाटत नसला तर उद्या करूया," भागी म्हणाली. दिरासमोर ती एरवी इतकं बोलत नसे.

"तसा नाय गो." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माका दोनदा स्थळां इली. मी नको म्हटलंय. लोकांक वाटला, बायलेची आठवण. आठवण होतीच. पण कागदार ती जिवंत होती मा. दुसरी केलंय असतंय आणि कोणी विचारला असता, तर तुझी नोकरी गेली असती."

भागीला हे कधी सुचलंच नव्हतं. ती उठून चुलीकडे गेली आणि चहाचं पाणी ठेवलं. कृष्णनाथांनी सही केली, तारीख विचारून घेऊन घातली आणि कागद नीट चौघडी घालून गोकुळदासकडे दिला. त्या रात्री जेवताना ते सुलोचनाबद्दल बोलले. ती नारळ फोडताना पाणी कधी सांडू देत नसे, अशा गोष्टी. भागीला त्यातल्या बऱ्याच माहीत नव्हत्या. जावा एकत्र अशा फक्त गणपतीत आणि शिमग्याला राहिल्या होत्या.

चौकशी ऑक्टोबरपर्यंत चालली. बाबली आला, काठी टेकत, आणि त्याने जे सांगायचं ते सांगितलं. नऊ बायकांनी आपापली खरी नावं लिहून दिली. एका बाईला काढणं सोपं होतं. दहा जणींना काढायचं तर जुन्या मॅनेजरपासून सगळं बाहेर आलं असतं, आणि कंपनीला ते नको होतं. समझोता झाला. दहाही जणींची नावं आणि वयं मस्टरवर दुरुस्त होतील, कुणाला काढणार नाहीत. बंदच्या काळातला पगार भागीला मिळणार नाही. आणि नोकरी धरली जाईल ती एकोणऐंशीपासून, संघटना आली तिथून. भागीची आधीची पाच वर्षं गेली. भागीने त्यावर गोकुळदासशी दोन दिवस भांडण केलं. शेवटी इतर नऊ जणींकडे बघून सही केली. ती पाच वर्षं तिला पुढेही खुपत राहिली, आणि कुणी संघटनेची फार स्तुती केली की ती हटकून त्यांचा विषय काढायची.

नोव्हेंबरात लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक एकदमच झाली. केंद्र गावच्या शाळेत होतं. कॅम्पातल्या बायका सकाळी घोळक्याने गेल्या. काहींनी लग्नातली लुगडी काढली होती. पल्लवी आणि भागी मागे-पुढे उभ्या होत्या. रांगेत पंच येऊन प्रत्येकीची विचारपूस करून गेला, विहिरीच्या पाण्याचीसुद्धा. आत गेल्यावर भागीला शिक्का नीट उठला की नाही याची इतकी काळजी लागली की तिने कागद उजेडाकडे धरून बघितला, आणि आतल्या माणसाने तिला हटकलं.

संघटनेने पाठिंबा दिलेला उमेदवार पडला, आणि चांगला सपाटून पडला. गोकुळदास हिशेब मांडून बसला की कॅम्पातून इतकी मतं जायला हवी होती, ती गेली कुठे. वर्कशॉपच्या दारात त्याने भागीला विचारलंच.

"भागीबाय, खरें सांगा. तुमी तरी आमच्या माणसाक मत घातलें मूं?"

"ता सांगूचा नसता," भागी म्हणाली.

"म्हाकाय ना?"

"घोवाकव सांगूक नाय."

गोकुळदास जरा नाराज झाला. मग त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला की जानेवारीत यादी परत उघडेल, त्या नऊ जणींची नावं तिथेही दुरुस्त करायची आहेत, नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जवरच्या लोकांच्या बायका अजून सगळ्या बाकी आहेत, त्यांच्याकडे जायला कोणीतरी हवं. भागी म्हणाली, रविवारी जाऊया, पल्लवीलाही घेऊ. भोंगा झाला तशी ती टोपली उचलून कामावर गेली.